पौडच्या यष्टीतला तास

दामले सर पुण्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, ही गोष्ट आमच्या मुळशी खोऱ्यात फारशी कुणाला ठाऊक नव्हती, आणि ज्यांना ठाऊक होती त्यांना तिचं काही विशेष वाटत नव्हतं. पौडात ते ‘नर्सबाईंचे मालक’ होते. नर्सबाई म्हणजे पौडच्या सरकारी दवाखान्यातल्या बाई. साठ सालाच्या आगेमागे त्या आल्या आणि टिकल्या. त्याआधी डॉक्टर यायचे, इथला पाऊस बघायचे आणि बदली करून घ्यायचे. नर्सबाई मात्र डोक्यावर इरलं घेऊन, पातळ वर खोचून चिखलातून वाडीवस्तीवर बाळंतपणं करत हिंडायच्या. अशा बाईचा नवरा रोज सकाळी कोट घालून यष्टीत बसतो आणि संध्याकाळी परत येतो, एवढ्यावरून लोकांनी ठरवून टाकलं होतं की हा गृहस्थ पुण्यात कुठंतरी कारकुनी करत असणार.

बायकोने नवऱ्याच्या बदलीच्या गावी जायचं असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नवरा बायकोच्या बदलीच्या गावी येऊन राहिलेला आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. त्यात सर बाईंची पांढरी पातळं स्वतः धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घालायचे, तीही नीट झटकून, काठाला काठ जुळवून. पाण्याला जाणाऱ्या बायकांना तेवढीच करमणूक. माझ्या आईने बाजाराला गेली असताना ते पाहिलं आणि घरी येऊन पदराआड हसत आबांना सांगितलं. आबा हसले नाहीत. म्हणाले, “बाई रातभर बाळंतिणीपाशी. मंग लुगडी कोन वाळत घालनार, मामलेदार?”

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव भरे, पौडाच्या अलीकडे, घोटावडे फाट्यावरून आत. मी मॅट्रिक झाले आणि कॉलेजचा हट्ट धरला तेव्हा आबांनी एका वाक्यात विषय संपवला होता, “पोरगी एकटी यष्टीनं पुन्याला जानार न्हाई.” त्याच सुमाराला माझ्या वहिनीच्या बाळंतपणाला नर्सबाई घरी आल्या. मी रडून डोळे सुजवून बसलेली. बाईंनी हात धुता धुता कारण विचारलं आणि आबांना म्हणाल्या, “आमचे हे त्याच गाडीने जातात आणि त्याच गाडीने येतात. तिला फाट्यावरून शेजारी घेतील.” नातवाला नुकतंच ज्या हातांनी बाहेर काढलं त्या हातांची मालकीण बोलत होती. आबांना नाही म्हणता आलं नाही. अशा रीतीने माझं सगळं शिक्षण एका माणसाच्या रोजच्या जाण्यायेण्यावर टांगलं गेलं.

सर उंच होते आणि यष्टीत नेहमी मागच्या चाकावरची सीट पकडायचे, जिथे गुडघे हनुवटीला लागतात. का, तर त्या सीटवरून सगळी गाडी दिसते. कोटाच्या खिशात खडूचे तुकडे. ते खिशातच मोडून भुगा व्हायचे, त्यामुळे त्यांचा काळा कोट उजव्या बाजूला कायम पांढरा असायचा. बोलायला लागले की हात खिशात जायचा, खडू निघायचा आणि मग लिहायला काहीतरी लागायचं. यष्टीत फळा कुठून आणणार? पण गणपत ढमाल्याचे दुधाचे कॅन होते.

माझा कॉलेजातला पहिलाच तास सरांचा होता आणि त्यातलं मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. शिकवणं इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, आणि आम्ही मुळशीची पाच-सहा मुलं मराठी शाळांतून आलेली. ‘नॅशनल इन्कम’ हे दोन शब्द ऐकू यायचे आणि पुढचं वाक्य डोक्यावरून जायचं. संध्याकाळच्या गाडीत सरांनी विचारलं, “काय कळलं आज?”

मी म्हटलं, “सगळं.”

“म्हणजे काहीच नाही. ज्याला थोडं कळतं त्याला शंका येते. सगळं फक्त न कळणाऱ्याला कळतं.” आणि त्यांनी खडू काढून शेजारच्या रिकाम्या कॅनवर एक घर काढलं, एक दुकान काढलं आणि दोघांच्या मधे जाणारे-येणारे बाण काढले. घरातली माणसं कामाला जातात, तिथून मजुरी घेऊन येतात, तीच मजुरी दुकानात देतात, दुकानातून ती परत कुणाच्यातरी घरी जाते. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई. हे फिरणं म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न. इतकंच होतं ते! सकाळी वर्गात तासभर इंग्रजीत गरगरत होतं ते पिरंगुटचा घाट यायच्या आत माझ्या डोक्यात शिरून बसलं.

तेवढ्यात पुढच्या सीटवरून गणपतने मान वळवली. गणपत पौडचा दूधवाला, तोंडाचा फटकळ. “ओ नर्सबाईंचं मालक, माज्या क्यानवर काय काढताय?”

“देश काढतोय,” सर म्हणाले.

“मंग पुसा तो. सकाळच्याला मला गिऱ्हाइकाच्या दारात जायाचंय.”

सरांनी कोटाच्या बाहीने देश पुसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा काढला. पुढे गणपतच गाडीत चढला की एक कॅन सरांच्या पायाशी सरकवून ठेवायला लागला, आणि म्हणायचा, “घ्या, तुमची पाटी.”

असा आमचा यष्टीतला तास सुरू झाला. सर शिकवत असत आमच्यासाठी, पण आवाज सगळ्या गाडीसाठी. कोंबड्यांची डालगी घेऊन बसलेल्या बाया, कोर्टाच्या तारखेला निघालेले म्हातारे, सगळे ऐकायचे आणि मधेच तोंड घालायचे. सरांना ते फार आवडायचं. ‘सगळं मिळून काय?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कुणी सांगितलं की यंदा माझा आंबेमोहोर तांदूळ चांगल्या भावाने गेला, की सर विचारायचे, “तुमचा गेला. खोऱ्याचं सगळं मिळून काय?” गाडी थांबली की ते आम्हाला टपाकडे बघायला लावायचे. सकाळी टपावर तांदूळ, करवंदांच्या पाट्या, कोळशाची पोती. संध्याकाळी त्याच टपावर रॉकेल, कापडाचे गठ्ठे, लोखंडी पत्रे. आयात-निर्यात मी पुस्तकात नंतर वाचली, ती आधी मान वर करून पाहिली होती.

सरांचा एक दोषही सांगायला हवा. त्यांना सिद्धान्त नुसता सांगून भागत नसे, तो करून बघायची खाज होती. एकदा त्यांनी गाडीला विचारलं, “सगळ्यांनी एकदम काटकसर करायची ठरवली तर देश श्रीमंत होईल की गरीब?”

“शिरीमंत की!” गणपत म्हणाला. “ह्यात इचारायचं काय?”

“बघू या मग. उद्यापासून पिरंगुटला कुणी चहा प्यायचा नाही.”

पिरंगुटला गाडी थांबायची आणि सगळे नामदेवच्या हॉटेलात चहा घ्यायचे. हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती आणि दोन बाकडी. दुसऱ्या दिवसापासून गाडी थांबली तरी कुणी उतरेना. नामदेव दारात उभा राहून पदार्थांची नावं ओरडायचा आणि सगळी गाडी त्याच्याकडे बघून हसायची. पहिले काही दिवस मजेत गेले. मग एका सकाळी गणपत पिरंगुटला कॅन घेऊन उतरला तो तसाच भरलेला कॅन घेऊन लालबुंद होऊन परत आला. नामदेवने त्याचं दूध बंद केलं होतं. चहाच खपत नाही तर दूध घेऊन काय करू, म्हणाला.

“सर, तुमच्या ह्या काटकसरीच्या आयला...” पुढे बायका बसलेल्या आहेत हे गणपतच्या लक्षात आलं.

सर आनंदाने उभेच राहिले आणि डोकं टपाला आपटलं. “कळलं? एकेकाने वाचवलं ते शहाणपण. सगळ्यांनी मिळून वाचवलं तर गणपतचं दूध नासतं. पुस्तकात हे समजवायला पंधरा पानं लागतात!” ते खडू काढून गणपतच्याच कॅनवर बाण काढायला लागले.

“ते बाण ऱ्हाऊ द्या,” गणपत म्हणाला. “चला उतरा समदी. च्या प्या. माझ्याकडनं.”

सगळी गाडी उतरली. कंडक्टर बबनही उतरला. नामदेवने परत दूध घेतलं. चहा पिता पिता सर मला म्हणाले, “मंदी आली की सरकारने काय करायचं असतं, ते गणपतने आत्ता केलं. लिहून ठेव.” मी पेपरात ते थोडंफार असंच लिहिलं होतं, गणपतचं नाव वगळून.

आता इर्जिकीचं सांगते, कारण सरांचं सगळं पुढचं त्यावर फिरलं. आमच्याकडे भात लावणीला एकट्या घराचे हात पुरत नाहीत. मग घरधनी इर्जिक बोलावतो. गाव आपापले बैल, आपापली माणसं घेऊन त्याच्या खाचरात उतरतं, भलरी म्हणत दिवसात काम उरकतं आणि मजुरी कुणी घेत नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. सरांनी हे गाडीत ऐकलं आणि ते अक्षरशः वेडे झाले. एवढं काम होतं, एवढं भात पिकतं, आणि त्या श्रमाची देशाच्या हिशेबात कुठे नोंदच नाही! वर्गात, गाडीत, दवाखान्याच्या पायरीवर, जिथे तिथे इर्जिक. आबा एकदा त्यांना म्हणाले, “मालक, तुमी लई कवतिक करता. एकदा चिखलात उतरा.” सर उतरले, आणि त्यांच्या हातची रोपं आबांना संध्याकाळी पुन्हा लावावी लागली.

सरांचं ते कॉलेजातलं उमेदवारीचं शेवटचं वर्ष होतं. कायम करण्याआधी प्राचार्य स्वतः येऊन तासाला बसत असत. आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात पौड आणि आमच्या फाट्याच्या मधली ओढ्यावरची मोरी, म्हणजे रस्त्याखालचा छोटा पूल, वाहून गेली. पुण्याची गाडी फाट्यापर्यंत यायची आणि तिथूनच वळायची. सर पौडाहून फाट्यापर्यंत चिखल तुडवत चालत यायचे. कधी गाडी मिळायची, कधी डोळ्यांदेखत सुटायची. मी खिडकीतून बबनला “थांबा हो, सर येतायत” म्हणून ओरडायची. बबन थांबायचा, पण त्यालाही वरून बोलणी बसत. सकाळचा तास बुडायला लागला. प्राचार्यांनी सरांना बोलावून सरळ सांगितलं की पुण्यात बिऱ्हाड करा, नाहीतर कायम होण्याचं विसरा.

हे सरांनीच गाडीत सांगितलं. सर काही लपवत नसत. त्यांच्या नोकरीचा प्रश्न त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नासारखाच सगळ्यांच्या पुढ्यात मांडला.

“घ्या की मंग पुन्यात खोली,” बबन म्हणाला.

“आन नर्सबाई?” गणपतने विचारलं.

सर पुण्याला गेले तर बाईही जाणार, हे त्या क्षणी सगळ्यांच्या लक्षात आलं. मी मात्र वेगळ्या कारणाने घाबरले. सर गाडीत नसले तर आबा मला दुसऱ्या दिवशीही पाठवणार नव्हते.

गणपतने उपाय काढला, आणि तो आमच्याकडच्या माणसालाच सुचावा असा होता. त्याने नर्सबाईंना न विचारता त्यांच्या नावाने इर्जिक पुकारली. रविवारी मोरी भरून काढायची. शेताची इर्जिक सगळ्यांनी ऐकली होती, सरकारी रस्त्याची इर्जिक कुणी ऐकली नव्हती. पण बाईंचं नाव म्हटल्यावर कोण मागे राहतो? पौडाकडून आणि फाट्याकडून बैलगाड्या निघाल्या. आबांनी आमच्या बांधाचे दगड काढून गाडीत भरले. पाऊसही त्या दिवशी सकाळपासून उघडला होता. सर हातात घमेलं घेऊन ओढ्यात उभे, चष्म्यावर चिखल, आणि तोंडाने भलरी. त्यांच्या आवाजात सूर नावाला नव्हता. बैल बिचकतील म्हणून गणपतने त्यांना गप्प केलं.

तेवढ्यात आबांनी विचारलं, “मालक, जेवनाचं कसं काय?”

“कसलं जेवण?”

“इर्जिक बोलावनाऱ्यानं जेवान घालायचं आसतंय. बाईंच्या नावानं हाय न्हवं?”

वर्षभर सर आम्हाला इर्जिक समजावत होते आणि हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. बाई तर पहाटेच एका वस्तीवर बाळंतपणाला गेलेल्या. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग देवळातली पातेली आली, लाकडं आली, बायकांनी डाळीचं पीठ आणि तांदूळ आणले. आम्ही मदतीला जायला लागलो तर सर म्हणाले, “नाही, यजमान मी आहे.” त्यांनी एवढ्या माणसांचं पिठलं स्वतः ढवळलं. ते खाली लागलं आणि वर गाठी राहिल्या.

“ह्यात गोळं हायेत,” गणपत म्हणाला.

“ती उत्पन्नातली वाढ समजा,” सर म्हणाले.

दुपारी मोरी भरून झाली आणि सगळे ओढ्याकाठी पंगतीला बसले. सर वाढत होते आणि मोठ्याने सांगत होते की माझ्या पुस्तकाप्रमाणे आज इथे काहीच घडलेलं नाही, कुणी कमावलं नाही, कुणी खर्चलं नाही. लोक हसत होते. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच वेळी डोंगराच्या बाजूने काही माणसं उतरताना दिसली. बाया, बाप्ये, हातात कुदळी, डोक्यावर पाट्या. वरच्या वाडीतली रोजंदारीवर जगणारी माणसं. पावसात त्यांना रानातही काही मिळत नाही आणि शेतातलं काम लावणी झाली की संपतं. मुकादमाने त्यांना निरोप दिला होता की मोरीचं सरकारी काम निघालंय, रविवारी येऊन जागा बघून जा, सोमवारपासून रोजाने काम मिळेल. ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि भरलेल्या मोरीकडे बघत राहिली.

“काम झालं व्हय?” त्यांच्यातल्या एका बाईने विचारलं.

“झालं की! फुकटात झालं,” गणपत कौतुकाने म्हणाला.

“मंग आमी जातो,” ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. सरांच्या हातातला वाढायचा पळा तसाच राहिला. एवढ्या माणसांत त्या वाक्याचा अर्थ पुरता कळलेला एकच माणूस होता आणि तो तेच शिकवून पोट भरत होता. ते पंगतीतून बाहेर आले आणि म्हणाले, “जेवल्याशिवाय जाऊ नका.” ती माणसं संकोचत रस्त्याच्या पलीकडे बसली. सरांनी त्यांना वाढलं आणि आपलं पान घेऊन त्यांच्यातच जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी गाडी मोरीवरून हळूहळू गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सर वेळेवर कॉलेजात पोचले. आमच्या वर्गात कोपऱ्यातल्या खुर्चीवर प्राचार्य बसले होते. करारी माणूस, पण खुनशी नव्हे. सरांनी इंग्रजीत सुरुवात केली. सरकारी खर्चाचा विषय होता. पाच-दहा वाक्यं झाली असतील, आणि त्यांनी मागच्या बाकावर आमच्याकडे पाहिलं. मग खडू खाली ठेवला आणि मराठीत बोलायला लागले.

“काल आम्ही एक मोरी बांधली,” ते म्हणाले. “सरकार ती बांधणार होतं. सरकारने बांधली असती तर वाडीवरच्या लोकांना रोज मिळाला असता. त्या रोजाचं त्यांनी मीठ, तेल घेतलं असतं. दुकानदाराने त्यातून दूध घेतलं असतं. दूधवाल्याने बैलाला पेंड घेतली असती. एका मोरीतून सगळं खोरं थोडं थोडं हललं असतं. आम्ही चांगल्या मनाने पहिलीच कडी काढून टाकली. इर्जिक वाईट नाही. माझ्या वडिलांचं नाही इतकं मी तिचं कौतुक करतो. पण ज्याच्याकडे जमीन आहे त्यालाच इर्जिकीतून काही परत येतं. ज्याच्याकडे फक्त हात आहेत, त्याचा त्या दिवशी रोज बुडतो. आणि काल तो माझ्यासाठी बुडाला. मी वेळेवर इथे यावं म्हणून.”

माझ्या शेजारच्या पुण्याच्या मुलींना मोरी म्हणजे न्हाणीघरातली वाटत होती की काय कोण जाणे, पण त्यांनीही वह्यांतून माना वर केल्या होत्या. सरांनी फळ्याकडे तोंड केलं आणि पुसलेला फळाच बराच वेळ पुन्हा पुसत राहिले. एवढा स्वच्छ समजलेला धडा मी नंतर कधी शिकले नाही. पुढे मी स्वतः जन्मभर हा विषय शिकवला, पण त्या जागी आले की मला अजूनही थांबावं लागतं.

तास संपल्यावर प्राचार्यांनी सरांना खोलीत नेलं आणि म्हणाले, “दामले, तुमचं शिकवणं कायम करण्यासारखं आहे, राहणं नाही. मोरी पुन्हा वाहून जाईल. दरड पडेल. बिऱ्हाड पुण्यात आणा, मी उद्या सही करतो.” विचार करायला त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. संध्याकाळच्या गाडीत सरांनी हे सगळं सांगितलं.

दिवाळीच्या आधी एकदा मी आईने दिलेले नवे पोहे पोचवायला त्यांच्या बिऱ्हाडी गेले होते. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, भिंतीला ओल. नर्सबाई स्टोव्हपाशी बसून सुया उकळत होत्या. मला बघून त्या थांबल्या नाहीत. घरातलंच माणूस समजत मला.

“मी राजीनामा देते,” त्या सरांना म्हणाल्या. “तुमची नोकरी कायमची होईल. पगार माझ्यापेक्षा बरा आहे. अर्थशास्त्र शिकवता ना? मग करा हिशेब.”

“केला,” सर म्हणाले. “तू इथे आलीस तेव्हा बाळंतिणींच्या खोलीत शेळ्या बांधल्या होत्या. आठवतंय? तू गेलीस की पुन्हा बांधतील. माझ्या वर्गात कुणी शेळ्या बांधणार नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा दामले येईल आणि माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलेल.”

“मला तुमचा मोठेपणा नको. जन्मभर ऐकवाल, बायकोसाठी सोडलं म्हणून.”

“ऐकवणार तर! रोज ऐकवणार. गाडीत ऐकवणार, गणपतला ऐकवणार.”

बाई हसल्या आणि त्यांनी पातळाच्या टोकाने डोळे पुसले. स्टोव्हचा धूर होता असं मला दाखवण्यासाठी त्यांनी वात उगाच खालीवर केली. मी पोह्यांचं भांडं ठेवून निघाले. फाट्यापर्यंत चालताना मला हायसं वाटत होतं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटत होती.

सरांनी प्राचार्यांना नाही सांगितलं. परीक्षा झाल्या, कॉलेजला सुट्टी लागली आणि सरांची नोकरी सुटली. ते पौडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. शाळेने नोकरी दिली ती नर्सबाईंचे मालक म्हणूनच. आम्ही संध्याकाळी पुण्याहून उतरायचो तेव्हा ते आमच्यासाठी फाट्यावर येऊन थांबलेले असत आणि कॉलेजात त्या दिवशी काय झालं ते विचारून, रस्त्याकडेच्या कठड्यावर बसवून पुन्हा मराठीत समजावत. आता त्यांच्याशिवाय गाडीत चढायला आबांनी मला अडवलं नाही. म्हणाले, “एवढं शिकलीस, आता तुला कोन खातंय?” पण तरीही आबा पहिले काही दिवस फाट्यावर येऊन, कामाचं निमित्त करून, गाडी सुटेपर्यंत उभे राहायचे.

मी शेवटच्या वर्षाला असताना नर्सबाईंची बदली झाली. वेल्ह्याच्या पलीकडे, जिथे रस्ताही नव्हता. ज्या जागेसाठी सरांनी आपली जागा सोडली, तीच वरच्या एका सहीने हातातून गेली. सगळं खोरं चिडलं. गणपत आणि आबा गावकऱ्यांना घेऊन पुण्याच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या साहेबांनी त्यांना खुर्च्या दिल्या, ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. मी सरांपुढे रडले. म्हटलं, “सर, फुकट गेलं सगळं.” ते म्हणाले, “फुकट कसं? तेवढी वर्षं इथल्या बायका बाळंत झाल्या ना नीट?” त्यांच्या बोलण्यात बरं वाटून घेण्याचा आव नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला नव्हतं वाटत, आणि अजूनही पुरतं वाटत नाही.

ते निघाले त्या दिवशी आम्ही मुळशीची सगळी मुलं सकाळच्या कॉलेजला दांडी मारून पौडच्या स्टँडवर गेलो. आता आम्ही पहिल्यापेक्षा बरेच जण झालो होतो, तीन मुलीही होत्या. मी बोलायचं असं ठरलं होतं. मी रात्री भाषण तयार केलं होतं, अगदी आवंढे कुठे गिळायचे इथपर्यंत. गणपत हार घेऊन आला होता. पेट्या आणि पातेली टपावर चढवलेली होती आणि गाडी सुटायला टेकली होती. आम्ही “सर! सर!” करत खिडकीशी धावलो.

सरांनी खिडकीतून हात बाहेर काढून आम्हाला जागच्या जागी थांबवलं.

त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून नर्सबाई झोपल्या होत्या. शेवटच्या रात्रीही त्यांना कुठल्याशा वस्तीवरून बोलावणं आलं होतं आणि त्या तिथून थेट स्टँडवर आल्या होत्या. पायाला चिखल तसाच, केस सुटलेले, तोंड किंचित उघडं. भर दिवसा, साऱ्या पौडाच्या देखत एक बाई नवऱ्याच्या खांद्यावर झोपली होती, आणि त्या काळात आमच्याकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. पण हसलं कुणी नाही. पाण्याला निघालेल्या बायका हंडे कमरेवर घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. गणपतने हार हातातच ठेवला. बबनने घंटी मारली नाही, पुढे जाऊन ड्रायव्हरला हाताने खूण केली.

गाडी हलली. धक्क्याने बाईंचं डोकं घसरलं, तेव्हा सरांनी खांदा थोडा वर करून ते पुन्हा नीट घेतलं. मग एकदा आमच्याकडे बघून मान हलवली आणि गाडी वळली.